'अनलॉक' फोन घेताय? या चुका टाळा

मोंढ्यात सोयाबीनची पट्टी हातात पडली की आमच्याकडे घरोघरी फोनचा विषय निघतो. गेल्या दिवाळीत भाच्याने एका दुकानातून जुना फोन घेतला. "एकदम अनलॉक आहे, कुठलंही सिम टाका," दुकानदार म्हणाला. सिम चाललंही. महिनाभराने फोन अडकायला लागला म्हणून त्याने बटणं दाबून रिसेट मारला, तर स्क्रीनवर आधीच्या मालकाचं गुगल खातं विचारलं गेलं. फोन तिथंच थांबला.

सिमचं लॉक वेगळं, स्क्रीनचं वेगळं, खात्याचं वेगळं आणि हप्त्याचं वेगळं. 'अनलॉक' म्हणून विकतात तेव्हा बहुतेकदा फक्त पहिलं सुटलेलं असतं. हा शब्द असा मोघम वापरला जातो, याचा मला मनापासून राग आहे. खात्याचं लॉक अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे, चोरीचा फोन चोराच्या कामी येऊ नये म्हणून. ते तात्पुरतं चुकवून फोन विकला, तर पुढच्या रिसेटला पुन्हा उभं राहतं. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच समोर रिसेट करायला लावा आणि फोन पूर्ण सुरू होऊन होम स्क्रीनपर्यंत उघडतो का बघा. स्वतः विकत असाल तर आधी सेटिंगमधून खातं काढा, मग रिसेट करा. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा, तिथं खात्याचं लॉक त्यानेच लागतं.

फोन हप्त्यावरचा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र मागा. आधीच्या मालकाने हप्ता चुकवला की फायनान्सचं अ‍ॅप तुमच्या हातातला फोन बंद करू शकतं.

आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, न तपासणं ही तर नेहमीची चूक. *#०६# दाबा, १५ आकडी नंबर येईल. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं.

अमेरिकेतून पाहुण्याने आणलेला आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जनरल, अबाउट उघडून 'कॅरिअर लॉक' बघा. तिथं सिमचं बंधन दिसलं, तर ते अमेरिकेतली मोबाइल कंपनीच काढू शकते; इथं कोणी हमी देऊन पैसे मागत असेल तर देऊ नका. शिवाय तिकडच्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नसतो, ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) लागतं.

सिमचा पिन तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतात. तो अंदाजाने टाकत बसू नका. दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. कंपनीच्या केंद्रात जाऊन विचारून घ्या.

नव्या फोनच्या जाहिरातीतही असेच फसवे शब्द असतात. '८+८ जीबी रॅम' मधली दुसरी ८ ही स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली असते, वेग तेवढा वाढत नाही. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आई-वडिलांच्या कष्टाचे पैसे घेऊन दुकानात उभ्या राहिलेल्या पोराला हे कोणी सांगत नाही.

फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी पक्कं बिल जपा, जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. भाच्याकडे होती ती नुसती कच्ची चिठ्ठी, त्यावर ना आयएमईआय होता ना दुकानाचं नाव.