धावायला काय लागते? (नागपूरला हाफ मॅरेथॉनला निघण्याआधी)

गावात सगळे म्हणतात, धावायला काय लागते, दोन पाय. मीही तेच समजून होते. म्हणून मागच्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉनची, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची, नऊशे रुपये फी भरून, नागपूरला जाऊन, एक पाऊलही न धावता परत आले. यंदा जाणाऱ्यांसाठी हे.

सगळ्यात आधी बिब. छातीवर लावायचा नंबर. तो आदल्या दिवशी घ्यायचा असतो, शर्यतीच्या पहाटे नाही. वेळ मोजणारी चिप त्याच्याच मागे चिकटवलेली असते, त्यामुळे ‘द्या ना भाऊ, लांबून आलो’ हे चालत नाही. मी साडेचारला गेटवर, दात वाजताहेत, हातात पैसे भरल्याचा मेसेज. पोरगा म्हणाला, “ताई, काउंटर कालच बंद झालं.” मेलमध्ये लिहिलं होतं. वाचलं कोणी?

म्हणून खर्चाचा हिशेब बिबपासून मांडा. आदल्या दिवशी बिब म्हणजे नागपुरात एक रात्र. यवतमाळहून नागपूर दीडशेएक किलोमीटर, आणि फाट्यापासून यवतमाळपर्यंत काळीपिवळी वेगळी. एसटीत बायांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेवढंच बरं. मी रात्री गाडी भाड्यानं केली होती; फीच्या तिप्पट तिथंच गेले. नागपुरात मावशी, आत्या असेल तर आजच फोन करा. नसेल तर खोलीचं भाडं धरा. ओळखपत्र असली न्या, झेरॉक्स नको. आणि सांगून ठेवते, संध्याकाळी काउंटर बंद व्हायच्या आत पोचा, म्हणजे सकाळचीच गाडी धरा.

आता बूट. पाच-सहाशे किलोमीटरनंतर टाचेखालचा फोम बसतो, मग गुडघा बोलायला लागतो. साडेतीन हजारांचा जोड सहाशे किलोमीटर चालला तर किलोमीटरला जवळपास सहा रुपये पडतात. घरच्या फटफटीला दोनेक रुपयांचं पेट्रोल लागते! हे नवऱ्याला सांगू नका. पावसाळ्यात पांदणीनं धावू नका. काळी माती तळव्याला अशी चिकटते की एकेक पाय किलोभर होतो, आणि ती खरवडताना सोलही उचकतो. डांबरी रस्ता धरा. कोरा जोड शर्यतीला घालायचा नाही, हे माहीत असेलच.

पोट्टे हसतात, “काकू, आमचं क्रिकेट बरं.” बरंच आहे. अकरा जणांत एक बॅट, टेनिस बॉल वर्गणीचा. कबड्डीला तर फक्कीच्या रेघा मारल्या की झालं. बूट मात्र वाटून घालता येत नाहीत, खोलीचं भाडं एकटीनंच भरायचं. लेदर बॉलचं म्हणाल तर पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, इंग्लिश विलोची बॅट, त्यापुढे धावणं स्वस्तच. पण ते आपल्या गावात खेळते कोण?

सराव: पहाटे, उजाडायच्या आत, हातात काठी, कुत्र्यांसाठी. कापूस वेचणी सुरू झाली की रविवारची लांब धाव बुडते, तर ती दिवाळीआधीच वाढवून ठेवा. घड्याळ नको, फोन पुरे. धावताना चोखायचं पाकिटातलं जेल-बिल नको. गूळ-शेंगदाणे.

शर्यतीच्या आदल्या रात्री भात-वरण, लवकर झोप. सकाळी जुना स्वेटर. परतीसाठी चप्पल, कोरडे कपडे, सुटे पैसे. चार सेफ्टी पिना, बिबला. आदल्या दिवशी घेतला असेल तर.