मानेला हात घालण्याआधी

कोल्हापुरात रॉल्फिंगच्या धंद्यात, स्नायूंवरचं आवरण हातानं मोकळं करायच्या कामात पडलात की पहिला प्रश्न ठरलेला: “म्हंजे मालीशच की?” तालमीत गडी एकमेकांचं अंग तेल लावून रगडतात, ते लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळं कळ आल्याशिवाय काही केलं असं इथं कुणाला वाटत नाही. सुरुवातीला मलाही वाटत नव्हतं.

आपलं काम वेगळं आहे. आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) या अमेरिकी बायोकेमिस्ट बाईंनी ते उभं केलं. त्यांच्या दहा बैठकांच्या क्रमात डोकं आणि मान हा मुख्य विषय थेट सातव्या बैठकीत येतो. त्याआधी प्रत्येक बैठकीच्या शेवटी मानेवर थोडं काम असतं, तेवढंच. शिकताना मला हा उशीर खटकायचा. माणूस मान धरून आलाय आणि आपण त्याचे पाय बघत बसायचं?

उत्तर एका तरुण पैलवानानं दिलं. डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान करायची, तो पूल करून करून त्याची मान आणि खांदा एकच झालेला. मी सरळ कोपर लावलं. तो काही बोलला नाही, पैलवान कळ आली म्हणून बोलत नसतो. दुसऱ्या दिवशी त्याला मान वळवता येईना. वस्तादांचा फोन आला, “मान हाय ती, चरकात घालायचा ऊस न्हवं.” एवढं बोलून ठेवला.

झालं काय, तर ज्या स्नायूंनी मान सांभाळून धरली होती, त्यांच्यावरच मी चाल करून गेलो. त्यांनी आणखी आवळून घेतलं.

पुढं हुपरीचा एक चांदी कारागीर आला. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, आणि हा दिवसभर ते पुढं झुकवून डाग देत बसणारा. या वेळी छातीच्या पुढच्या फासळ्या, काखेची कड आणि गळपट्टीचं हाड यांवरच बराच वेळ घालवला. मानेला हात लावला तेव्हा ती निम्मी सैल झालेली होती. एका माणसावरून नियम काढू नये, पण त्या दिवसापासून मी वर जायची घाई सोडली.

आता प्रत्यक्ष हाताचं. टेबलाच्या डोक्याकडं स्टुलावर बसा, कोपरं टेबलावर टेकवा, नाहीतर वर्षभरात तुमचीच मान जाईल. तेल नको, बोट घसरतं आणि आवरण पकडीत येत नाही. नखं कापलेली हवीत, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. कवटीच्या खालच्या कडेला बोटांची पेरं नुसती ठेवा आणि माणसाला मिटल्या डोळ्यांनी फक्त बुबुळं डावी-उजवीकडं फिरवायला सांगा. बोटांखाली बारीक हालचाल जाणवेल. ते कवटीखालचे छोटे स्नायू, डोळ्यांबरोबर चाळवतात. दिवसभर मोबाइल आणि बारीक काम बघणाऱ्यांचे हेच आखडतात. मी इथं दाब देत नाही, डोक्याचं वजनच पुरतं. माणसानं स्वतः हळू मान वळवावी, हातानं फक्त मागं राहावं.

मानेच्या बाजूचे स्केलीन स्नायू पहिल्या-दुसऱ्या फासळीला धरलेले असतात, आणि हाताला जाणाऱ्या नसा त्यांच्यामधूनच उतरतात. बोटांत मुंग्या आल्या म्हटलं की हात काढायचा, “सहन करा” म्हणायचं नाही. बोटाखाली ठोका लागला तरी तेच. आणि गळ्याच्या दोन्ही बाजू एकदम कधीच दाबायच्या नाहीत, मेंदूकडं जाणारं रक्त तिथून जातं.

न्हाव्याच्या खुर्चीत चंपीनंतर मान कडकन मोडून घ्यायची हौस इथं फार. लोक तुमच्याकडंही मागतील. नाही म्हणा. मणक्याच्या भोकांतून रक्तवाहिनी जाते, झटक्यानं ती फाटू शकते.

अचानक आलेली, आधी कधी नव्हती अशी डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, चक्कर, बोबडी वळणं, गिळताना अडखळणं, चेहरा बधिर होणं, यातलं काहीही सांगितलं तर टेबलावर घेऊ नका, लगेच दवाखान्यात पाठवा. गाडीवरून पडलेला, हातातली ताकद गेलेला किंवा संधिवाताचा जुना रोगी असेल तर आधी डॉक्टर, मग आपण. त्या दिवसाची फी बुडते.

बैठक संपली की मी माणसाला कुशीवर वळवून उठवतो आणि जिन्यापर्यंत सोडायला जातो. उतरताना तो पायरी बघायला डोकं खाली घालतो की नुसती नजर, हे मागून नीट दिसतं. पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं ते मी तिथंच ठरवतो.