रायफल हाडांवर पेला: टेकूशिवाय नेम धरण्याचा सराव

वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पाच गोळ्या नाण्याखाली झाकतील अशा बसतात, आणि तोच नेमबाज उभा राहिला की ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बशीएवढा पसरतो. टेकूचं काम स्नायूंनी अंगावर घेतलं की असं होतं. स्नायू काही सेकंदांतच थरथरू लागतात. हाडाखाली हाड आलं तर तोच भार बराच वेळ शांतपणे उभा राहतो. उभं, गुडघ्यावर, बसून किंवा लेटून, कुठल्याही पोझिशनमध्ये शोधायचं ते हेच. (पुढच्या सूचना उजव्या हाताच्या नेमबाजांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.)

सराव मुख्यतः घरी, गोळीविना करायचा. त्याआधी गोळ्या किंवा पेलेट (एअर रायफलचे छर्रे) खोलीबाहेर ठेवा, बोल्ट (मागचा खटका) उघडून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासा, आणि नळीचा रोख भरीव भिंतीकडेच ठेवा. पॉइंट टू-टू (.२२) रायफलमध्ये डमी काडतूस घाला, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून काठ दबतो. स्प्रिंगची एअर रायफल रिकामी कधीच उडवू नका. पुढे पेलेट नसेल तर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट आपटतो. अशा रायफलवर फक्त होल्डचा, म्हणजे चाप न ओढता नेम धरून ठेवण्याचा, सराव करा. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या) रायफलला ड्राय-फायरची, म्हणजे गोळीविना चाप ओढण्याची, सोय असेल तर ती वापरा.

१० मीटरच्या एअर रायफल टार्गेटचा काळा गोल ३०.५ मि.मी.चा असतो. घरात ५ मीटर जागा असेल तर साधारण १५ मि.मी.चा गोल तितकाच दिसतो. तो जमिनीपासून १.४ मीटरवर चिकटवा.

उभी पोझिशन सर्वांत अवघड, म्हणून तिला सर्वाधिक वेळ द्या. डावी बाजू टार्गेटकडे, पावलं खांद्यांइतकी रुंद, गुडघे सरळ पण मागे ताणलेले नकोत. डावा नितंब टार्गेटच्या दिशेने किंचित ढकला आणि डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवा. हात आखूड असेल तर कोपर बरगडीवर येईल, तेही चालतं. रायफलचं वजन पुढे असतं. त्याचा तोल राखण्यासाठी पाठ थोडी मागे, टार्गेटपासून दूर झुकते. मान मात्र सरळ. डोकं गालपट्टीकडे नेऊ नका, रायफल डोक्यापर्यंत आणा. नळी खाली राहिली तर कोपर उचलण्याचा मोह होतो, आणि कोपर सुटलं की सगळा भार दंडावर येतो. त्याऐवजी तळव्याच्या जागी मूठ ठेवा, उंची आपोआप वाढते.

आता रोख तपासा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, खांदे सैल सोडा, डोळे उघडा. साइटचं कडं (नळीच्या टोकाची नेम धरायची गोल रिंग) काळ्या गोलावरून सरकलेलं दिसेल. तुमच्या शरीराचा खरा रोख तिथे आहे. हातांनी रायफल परत ओढू नका. ओढलेली रायफल चाप सुटताच मूळ जागी पळते. रोख टार्गेटच्या डावीकडे पडला असेल तर डावं पाऊल तिथेच ठेवून उजवं पाऊल किंचित मागे, पाठीच्या बाजूला घ्या, उजवीकडे पडला असेल तर पुढे, छातीच्या बाजूला. लेटून असाल तर डावं कोपर खुंटीसारखं रोवून बाकीचं शरीर हलवा. वर-खालीसाठी डावा हात पुढे सरकवला की नळी खाली येते, मागे घेतला की वर जाते. प्रत्येक मालिकेआधी हे पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, पण आडवे पसरलेले ग्रुप बऱ्याचदा इथेच दुरुस्त होतात.

गुडघ्यावर बसताना डावी नडगी उभी असावी आणि शरीराचा बहुतेक भार उजव्या टाचेवर. घोट्याखाली नीलिंग रोल (गुडघ्यावर बसताना वापरायची गोल उशी) ठेवा. कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर टोकावर टोक डगमगतं. कोपराच्या वरची सपाट बाजू टेकवा. पायाला मुंग्या येऊ लागल्या की लगेच उठा.

लेटून स्लिंगचा (रायफल हाताला जोडणारा) पट्टा दंडावर उंच बांधा. तो चुकीच्या जागी आला तर कडं नाडीच्या ठोक्यागणिक उडताना स्पष्ट दिसतं. पट्टा दोन बोटं सरकवा, घट्ट आवळू नका. बसलेल्या पोझिशनमध्ये कोपरं गुडघ्यांच्या आतल्या खोलगट भागात रुतवायची.

श्वास अर्धा सोडून थांबा आणि चाप एकसारखा दाबत न्या. कडं डुलत राहणारच, ते डुलणं मान्य करा. टेन (मधलं दहाचं वर्तुळ) दिसताच झटकन ओढलेला चाप ही नवशिक्यांची हमखास चूक आहे. दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या, कारण तोवर डोळाही थकलेला असतो. चाप सुटल्यावर दोन सेकंद तसेच थांबा आणि कडं शेवटी कुठे होतं ते मोठ्याने सांगा: 'नऊ, दोन वाजता,' म्हणजे नऊचं वर्तुळ, घड्याळातल्या दोनच्या दिशेला. रेंजवर असाल तर मग प्रत्यक्ष छिद्र बघा. सांगितलेलं आणि दिसलेलं जुळत नसेल तर साइट फिरवू नका, चाप तपासा.

रोज अर्धा तास पुरे. २० सेकंदांचे दहा होल्ड, प्रत्येकानंतर ४० सेकंद विश्रांती. मग कोऱ्या भिंतीवर दहा कोरडे शॉट, फक्त कडं हलतंय का पाहायला. शेवटी टार्गेटवर वीस. रेंजवर गेलात की पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारा आणि प्रत्येक पोझिशनचे कार्ड वेगळे ठेवा. छिद्रं उभ्या रेषेत असतील तर श्वास दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय. सगळी उजवीकडे आणि खाली असतील तर रायफल उजवीकडे कलतेय का ते पाहा. पेलेट हाताळल्यावर हात साबणाने धुवा. ते शिशाचे असतात.

५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं त्या प्रकारात, आधी नीलिंग (गुडघ्यावर), मग प्रोन (लेटून) आणि शेवटी स्टँडिंग (उभं) असतं. ५० मीटरच्या कार्डावर दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी.चं, आणि ते थकलेल्या पायांवर उभं राहून गाठायचं असतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा सराव याच क्रमाने करा. इतर दिवशी उभी पोझिशन ताज्या अंगाने, सर्वांत आधी.