ऑलिम्पिकमध्ये पदरी निराशा आल्यावर आपल्या पथकाच्या कामगिरीचा हिशेब कसा मांडावा

पॅरिस 2024 मध्ये भारताच्या 117 खेळाडूंच्या पथकाने सहा पदके मिळवली, त्यांत सुवर्ण एकही नव्हते, आणि टोकियोत 48 व्या स्थानी असलेला आपला देश पदकतालिकेत 71 व्या स्थानी गेला. हे पाहून ज्याला संताप येतो त्याचे खेळावर खरे प्रेम असते, म्हणून तो गिळून टाकावा असे मी सांगणार नाही. मात्र तो कोणावर आणि कशासाठी व्यक्त करायचा हे आधी ठरवावे, कारण सगळा राग खेळाडूवर निघाला की खरे जबाबदार लोक नामानिराळे राहतात.

सर्वप्रथम पदकतालिका बाजूला ठेवावी. तालिकेत देशांचा क्रम आधी सुवर्णपदकांवरून लागतो, त्यामुळे एका सुवर्णाच्या फरकाने देश कितीतरी स्थाने वर किंवा खाली जातो. नीरज चोप्राने टोकियोत 87.58 मीटर भालाफेक करून सुवर्ण जिंकले. पॅरिसमध्ये त्याने 89.45 मीटर, म्हणजे त्याहून जवळजवळ दोन मीटर लांब फेक केली, तरीही पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या 92.97 मीटरच्या ऑलिम्पिक विक्रमामुळे त्याला रौप्य मिळाले. तालिकेत ही घसरण दिसते, पण मैदानावर ती प्रगती होती.

त्यानंतर प्रत्येक खेळाडूसाठी तीन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पहिला त्याच्या आधीच्या चांगल्या कामगिरीचा, दुसरा ऑलिम्पिकमधला आणि तिसरा त्या स्पर्धेत कांस्यपदकासाठी लागलेला. भारोत्तोलक मीराबाई चानूने टोकियोत एकूण 202 किलो उचलून रौप्य मिळवले होते; पॅरिसमध्ये ती 199 किलोंवर थांबली आणि कांस्य 200 किलोंना गेले. स्नॅचमध्ये, म्हणजे वजन एका झटक्यात डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, तिने टोकियोपेक्षा एक किलो जास्त उचलले होते, मात्र क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, चार किलो कमी पडले. एवढे मांडले की ‘मीराबाई अपयशी ठरली’ या मोघम वाक्याऐवजी उत्तर मागता येईल असा नेमका प्रश्न हाती येतो.

चौथ्या क्रमांकांची यादी वेगळी करावी. पॅरिसमध्ये असे सहा प्रसंग आले, आणि नेमबाजीतील स्कीटच्या (उडत्या चकत्यांवर नेम धरण्याच्या) मिश्र सांघिक प्रकारात तर कांस्य एका गुणाने निसटले. एखादा चौथा क्रमांक दुर्दैव मानता येईल, पण सहा वेळा तेच घडल्यावर अंतिम टप्प्यातील दडपणाची तयारी कशी करून घेतली जाते, हे विचारण्याचा चाहत्याला पूर्ण हक्क आहे.

माझ्या मते सर्वांत कठोर प्रश्न तिरंदाजीला विचारले पाहिजेत. 2024 च्या एप्रिलमध्ये शांघायच्या विश्वचषकात आपल्या पुरुष रिकर्व्ह (ऑलिम्पिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या धनुष्याच्या) संघाने कोरियाला हरवून सुवर्ण जिंकले, पॅरिसच्या मानांकन फेरीत तो तिसरा आला, आणि उपांत्यपूर्व फेरीत तुर्कीकडून हरला. 1988 पासून आपले तिरंदाज ऑलिम्पिकला जात आहेत आणि आजवर एकही पदक आलेले नाही. गुणवत्ता सिद्ध होऊनही निकाल येत नसेल, तर बोट व्यवस्थेकडेच दाखवावे लागते.

कुस्तीत मात्र कारण मॅटवर शोधू नये. 2023 मध्ये कुस्तीगीर दिल्लीत आंदोलनाला बसले, महासंघाच्या निवडणुका वेळेत न झाल्याने ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने त्याला निलंबित केले, आणि पात्रतेच्या तयारीचा काळ त्या गोंधळात गेला. पॅरिससाठी पुरुषांमध्ये एकटा अमन सेहरावत पात्र ठरला, आणि त्याने कांस्य आणले. अशा वेळी मल्लांना दोष देणे हा अन्याय आहे.

पैशाचा हिशेबही सोडू नये. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. पॅरिसच्या तयारीवर सरकारने सुमारे 470 कोटी रुपये खर्च केले. बॅडमिंटनला त्यातील मोठा वाटा मिळाला, आणि 2012 पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पदक देणारा हा खेळ पॅरिसहून रिकाम्या हाताने परतला. संसदेत विचारलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर मिळतात. ती वाचावीत, आणि त्यांत न मिळालेली माहिती माहितीच्या अधिकाराखाली क्रीडा मंत्रालयाकडे अर्ज करून मागावी.

शेवटी, हे प्रश्न ऑलिम्पिक संपल्यावर विचारण्याची सवय सोडावी. निवड चाचण्या, राष्ट्रीय शिबिरे, जागतिक आणि आशियाई स्पर्धा यांच्या तारखा आपल्या आवडत्या खेळापुरत्या तरी लिहून ठेवाव्यात, आणि चाचणी पुढे ढकलली गेली किंवा प्रशिक्षकाची जागा रिकामी राहिली की त्याच आठवड्यात महासंघाला लेखी विचारणा करावी. लॉस एंजेलिस 2028 चे पात्रता सामने सुरू होण्यापूर्वी आलेल्या पत्राचा काही उपयोग होऊ शकतो. पथक परतल्यानंतर लिहिलेल्या पत्राने त्या स्पर्धेतले काहीच बदलत नाही.