लांबच्या प्रवासात गाडीत ऐकायला ऑडिओबुक कसं निवडावं

घरी निवांत ऐकताना आवडलेलं पुस्तक गाडीत रंगेलच असं नाही. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. ओव्हरटेक करताना, अवघड वळणावर दोन-चार वाक्यं कानावरून निघून जातात. टायरचा आवाज, एसीचा पंखा, मागच्या सीटवरची कुजबुज हे सगळं वाचणाऱ्याच्या आवाजात मिसळतं. त्यात ऐकणारे चौघे असतात आणि कुणालाच मध्येच उठून जाता येत नाही. म्हणून गाडीसाठी पुस्तक निवडताना नेहमीचा क्रम उलटा करावा: आधी आवाज, मग कथेची बांधणी आणि विषय त्यानंतर. विषय कितीही आवडीचा असला तरी शब्द नीट कानावर पडले नाहीत तर तासाभरात सगळे कंटाळतात.

पण पुस्तकं चाळायला बसण्याआधी थोडा हिशेब करून घ्या.

१. ऐकायचे तास काढा

आठ तासांच्या प्रवासात आठ तास ऐकणं कधीच होत नाही. शहरातून बाहेर पडेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास सोडूनच द्यावा. तेव्हा रस्ता सांगणं, काही राहिलं का ते आठवणं आणि फोन, हेच चाललेलं असतं. मधले थांबे, गप्पा, कुणाची डुलकी हे वजा केलं की हातात पाच-साडेपाच तास उरतात. एकूण वेळेच्या दोन तृतीयांश धरलं तर अंदाज फारसा चुकत नाही.

स्पष्ट, सावकाश वाचनात ताशी साधारण ९,००० ते ९,५०० शब्द होतात. म्हणजे ९०,००० शब्दांची कादंबरी दहा तासांच्या आसपास चालते. आठ तासांच्या प्रवासात ती जाता-येता मिळून पुरी होते. वेग सव्वापट केला की दहाचे आठ तास होतात हे खरं, पण गाडीत वेग वाढवून हिशेब बसवू नये. घरी हेडफोनवर त्या वेगाने सहज समजणारं वाचन रस्त्याच्या आवाजात तुटक वाटतं, आणि चौघांतल्या एकाला तरी ते झेपत नाही.

एकटे असाल तर पुस्तक अर्धवट राहिल्याने बिघडत नाही. सगळे मिळून ऐकत असाल तर मात्र शेवट गाडीतच झाला पाहिजे, कारण घरी पोहोचल्यावर सगळ्यांना परत एकत्र बसवणं जमत नाही.

वेळ कमी म्हणून संक्षिप्त आवृत्ती घ्यावी का? माझा कल तिच्या विरोधात आहे. मोठ्या कादंबरीची कापून छोटी केलेली आवृत्ती ऐकण्यापेक्षा मुळातच छोटं असलेलं पुस्तक पूर्ण ऐकावं. कापताना बहुतेक वेळा गौण पात्रं आणि रेंगाळणारी वर्णनं जातात, आणि लांबच्या रस्त्यावर नेमकी तीच सोबत करतात. ड्युव्हल हेक्ट यांनीही हेच ओळखलं होतं. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवलेले हे गृहस्थ पुढे रोज गाडीने लांबवर कामाला जात. त्या कंटाळ्यातून त्यांनी १९७५ च्या सुमारास अमेरिकेत ‘बुक्स ऑन टेप’ ही कंपनी काढली आणि पूर्ण वाचलेल्या पुस्तकांच्या कॅसेट टपालाने भाड्याने द्यायला सुरुवात केली.

२. गाडीत कोण कोण आहे ते बघा

एकटे असाल तर मनाला येईल ते लावा. दोघं असाल तर तीन-चार पुस्तकांचे नमुने दोघांनी ऐकावेत आणि प्रत्येकाला एक पुस्तक कारण न देता बाद करू द्यावं. दोघांनाही थोडंफार चालेल असं गुळमुळीत पुस्तक शोधत बसण्यापेक्षा एकाच्या अतिशय आवडीचं आणि दुसऱ्याला न खटकणारं पुस्तक जास्त रंगतं.

मुलं बरोबर असली की निवड अवघड होते. माझा नियम असा: गोष्टीची पातळी मोठ्या मुलाप्रमाणे ठरवा, भीती, हिंसा आणि भाषा मात्र धाकट्याप्रमाणे. स्वतः वाचता येणार नाही अशी गोष्टही मुलांना ऐकून व्यवस्थित समजते, त्यामुळे सहा वर्षांचं मूल दहा वर्षांच्या भावंडासाठी निवडलेल्या कथेत सहज रमतं. उलट धाकट्यासाठी निवडलेल्या गोष्टीला मोठं मूल पाच मिनिटांत कंटाळतं. छापील पुस्तकात नको तो प्रसंग आला तर आपण गुपचूप पान उलटतो. गाडीत तो सगळ्यांच्या देखत मोठ्याने वाचला जातो. म्हणून अनोळखी पुस्तक असेल तर ऐकलेल्यांचे अभिप्राय आधी वाचा आणि प्राण्याचा मृत्यू, आईवडिलांचं जाणं, अपघात असं काही आहे का ते शोधा. मुलांच्या कादंबऱ्या बऱ्याचदा चार ते सहा तासांच्या असतात, त्यामुळे एका दिवसाच्या प्रवासात त्या नीट बसतात.

३. नमुना गाडीत बसून ऐका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बहुतेक ॲपवर पुस्तकाचा काही मिनिटांचा नमुना फुकट ऐकता येतो. तो घरी सोफ्यावर बसून ऐकू नका. गाडीत बसा, काचा लावा, एसीचा पंखा नेहमीच्या वेगावर ठेवा आणि फोन गाडीच्या स्पीकरला जोडा. जमलं तर मोठ्या रस्त्यावर एक चक्कर मारा, कारण उभ्या गाडीत टायरचा आवाज नसतो. मागच्या सीटवरही कुणाला तरी बसवा.

आता वाक्यांच्या शेवटाकडे कान द्या. पुष्कळ वाचक वाक्य जोरात सुरू करतात आणि शेवटच्या दोन-तीन शब्दांना आवाज पाडतात. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. तेच गिळलं गेलं तर तो आला की गेला तेही कळत नाही. टायरचा आणि इंजिनाचा घरघराट खालच्या पट्टीतला असतो, त्यामुळे खर्जातला, पुटपुटल्यासारखा आवाज त्यात बुडून जातो. व्यंजनं ठसठशीत उच्चारणारा आवाज, मग तो बाईचा असो की पुरुषाचा, गाडीत तरतो.

दुसरं, आवाजातले चढउतार. कुजबुजीत सांगितलेला प्रसंग आणि त्यापाठोपाठ किंकाळी, हे घरी थरारक वाटतं. गाडीत कुजबुजीसाठी आवाज वाढवायचा आणि किंकाळीला दचकून कमी करायचा, असं होतं. स्टिअरिंगमागे बसलेल्याने दचकू नये. पार्श्वसंगीत आणि अनेक कलाकार असलेल्या नाट्यरूपांतराचा नमुना याच कारणासाठी जास्त बारकाईने ऐकावा. एकाच चांगल्या वाचकाचं साधं अभिवाचन मला गाडीसाठी अधिक भरवशाचं वाटतं. आत्मकथन लेखकाने स्वतः वाचलेलं असेल तर उत्तमच; उच्चार थोडे कमी सफाईदार असले तरी सांगणाऱ्याची ओढ जाणवते.

जुन्या, प्रताधिकारमुक्त पुस्तकांसाठी ‘लिब्रिवॉक्स’ आहे. २००५ पासून तिथे स्वयंसेवक पुस्तकं वाचून विनामूल्य देतात. मात्र काही पुस्तकं अनेकांनी वाटून वाचलेली असतात आणि प्रकरण बदललं की आवाजही बदलतो. प्रवासासाठी सबंध पुस्तक एकाच व्यक्तीने वाचलेलं आहे ना, एवढं बघून घ्या.

४. धागा सुटला तरी सापडेल अशी बांधणी निवडा

अर्धा मिनिट लक्ष उडालं तर पुस्तक तुम्हाला परत आत घेतं का, हा प्रश्न विचारा. सरळ काळक्रमाने पुढे जाणारी कथा, मोजकी आणि ठळक पात्रं, वीस-तीस मिनिटांची प्रकरणं, भरपूर संवाद: असं पुस्तक घेतं. साहसकथा, प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, विनोदी कथा आणि एखाद्या मोहिमेची किंवा शोधाची खरी हकिकत सांगणारी पुस्तकं म्हणूनच गाडीत चांगली चालतात.

रहस्यकथा सगळ्यांना बांधून ठेवते; थांब्यावर खून कुणी केला यावर पैजा लागतात. पण धागेदोरे पेरलेल्या कथेत निसटलेलं एक वाक्य महागात पडतं, म्हणून कमी संशयित असलेली निवडावी. तीन काळांत उड्या मारणारी कादंबरी, एकसारख्या नावांची डझनभर पात्रं, आकड्यांनी आणि तक्त्यांनी भरलेलं माहितीपर पुस्तक हे घरासाठी ठेवा. रात्री एकट्याने गाडी चालवणार असाल तर आधी वाचलेलं आवडतं पुस्तक घ्या: काही निसटलं तरी मागे जावं लागत नाही.

५. निघण्याच्या आदल्या दिवशी

पुस्तक पूर्ण डाउनलोड करून फोन एरोप्लेन मोडवर टाकून वाजतं का ते बघा. नेहमीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण ताशी साधारण ३० एमबी जागा घेतं, म्हणजे दहा तासांना ३०० एमबी. स्टिअरिंगवरचं ‘पुढे’ बटण काही ॲपमध्ये तीस सेकंद पुढे नेतं तर काहींत थेट पुढच्या प्रकरणावर. तुमच्याकडे काय होतं ते करून बघा. नकाशाचा आवाज मध्ये आला की पुस्तक थांबण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा, नाहीतर डावीकडे वळा ऐकताना दोन वाक्यं जातात. फोन हाताळायचं काम शेजारी बसलेल्याकडे द्या.

झोप येत असेल तर कितीही रंगलेलं पुस्तक जागं ठेवेल असं समजू नका. गाडी सुरक्षित जागी थांबवून झोपा.

आणि दुसरं एक पुस्तक अगदी वेगळ्या जातीचं उतरवून ठेवा. पहिलं गंभीर असेल तर दुसरं हलकं, पहिली कादंबरी असेल तर दुसरा कथासंग्रह. अर्ध्या तासाने मागच्या सीटवरून पुढे काय होणार असं कुणीच विचारलं नाही, तर पैसे दिलेत म्हणून ताणत बसू नका. पुढच्या थांब्यावर दुसरं लावा.