देवराईतील झाड तोडण्यापूर्वी विचार कसा करावा

मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतील झाडे तोडावीत का, असा प्रश्न ग्रामसभेपुढे आला, तर आधी राईत जाऊन गारंबीचा वेल किती झाडांवर चढला आहे आणि वठलेल्या खोडातील ढोलीत कोण राहते, हे नोंदवावे. मगच प्रश्न वेगवेगळ्या दृष्टींनी तपासावा. माणूस केंद्रस्थानी मानला, तर झाडाची किंमत पाणी, औषध आणि सावली यांत मोजली जाते. जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही निसर्गाविषयीची कर्तव्ये अखेर माणसाप्रतीच मानली होती. पण उपयोग संपला की या दृष्टीने मिळणारे संरक्षणही संपते. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या ‘डीप इकॉलॉजी’त जीवसृष्टीला माणसाच्या गरजेपलीकडचे स्वतःचे मूल्य आहे.

परंपरेच्या दृष्टीपाशी मात्र अधिक वेळ थांबावे. राई देवाची, म्हणून अनेक गावांत वाळके लाकूडही घरी नेत नाहीत आणि तोड करायचीच झाली, तर आधी देवाला कौल लावतात. निर्णयाचा अधिकार सर्वस्वी आपला नाही, ही कबुली या रीतीत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. तेव्हा त्याच देवाच्या नव्या शिखरासाठी राई उघडी करणे कितपत सुसंगत आहे, हे सभेत स्पष्टपणे विचारावे. ज्या झाडाबाबत उत्तरे जुळत नाहीत, त्याची तोड स्थगित ठेवावी.