जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क निवडताना या चुका टाळा

फ्रेमवर्क (वेब-अ‍ॅप बांधायचा तयार सांगाडा) ठरवण्याच्या मीटिंगमध्ये बहुतेक वेळ वेग, लोकप्रियता आणि गिटहबवरचे स्टार यांवरच जातो. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. आपल्या प्रोजेक्टमधली सर्वांत किचकट स्क्रीन कोणी करूनच बघत नाही.

टू-डू लिस्टचा छोटा डेमो कशातही छानच दिसतो. त्यापेक्षा दहा हजार ओळींचं टेबल घ्या, ज्यात प्रत्येक रकाना तिथल्या तिथे एडिट होतो आणि सॉर्ट-फिल्टरही चालतं. हीच एक स्क्रीन दोन पर्यायांत बांधा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत) सीपीयू मुद्दाम मंद करून टेबल स्क्रोल करा. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब दाबत चला आणि फोकस कुठे हरवतो ते पाहा. एवढ्यात जे कळतं ते कुठल्याही तुलना-तक्त्यात सापडत नाही.

दुसरी चूक म्हणजे फक्त फ्रेमवर्कचं वय आणि सपोर्ट बघणं. त्यावर उभ्या असलेल्या लायब्ररींचं काय? व्ह्यू या फ्रेमवर्कची तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये आली, पण व्ह्युटिफाय या तयार बटणं-फॉर्म देणाऱ्या लायब्ररीची तिला चालणारी पक्की आवृत्ती यायला २०२२ उजाडलं. ज्यांचं सगळं यूआय व्ह्युटिफायवर होतं, त्यांना तोवर थांबून राहण्यावाचून फारसा इलाज नव्हता. व्ह्यू २ चा अधिकृत सपोर्ट तर २०२३ च्या अखेरीस संपलाच. अँग्युलरजेएस हे जुनं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं होतं. २०१६ मधलं त्याच्या पुढचं अँग्युलर २ मुळातूनच वेगळं असल्यामुळे अपग्रेड म्हणजे बरंचसं पुनर्लेखनच. म्हणून निवडीआधी मागच्या मोठ्या आवृत्तीचं मायग्रेशन गाइड (जुन्यावरून नव्यावर कसं जायचं याची माहिती) नीट वाचा. टीम जुन्या वापरकर्त्यांना कसं वागवते, हे तिथे स्पष्ट दिसतं.

लायसन्सही पाहून घ्या. एक्स्ट जेएससारख्या टूलकिटला बंद सोर्सच्या (कोड खुला न ठेवलेल्या) प्रॉडक्टसाठी पैसे मोजावे लागतात.

आता निवड झाल्यानंतरच्या अडचणी, समजा रिअ‍ॅक्ट हे फ्रेमवर्क घेतलं तर. रिअ‍ॅक्टमध्ये कोड बरोबर दिसत असूनही ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ ही एरर येत असेल, तर एकाच अ‍ॅपमध्ये रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती शिरल्या आहेत का ते तपासा. ‘एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट’ ही कमांड (npm ls react) टर्मिनलमध्ये चालवली की दिसतं. बहुतेकदा टीमनेच बनवलेल्या कंपोनंटच्या (स्क्रीनच्या तुकड्यांच्या) पॅकेजमध्ये रिअ‍ॅक्ट साध्या डिपेंडन्सीत (पॅकेज स्वतःसोबत आणतं त्या यादीत) टाकलेलं असतं. ते पीअर डिपेंडन्सीत (मुख्य अ‍ॅपने पुरवायच्या यादीत) हलवा.

‘रिमूव्ह चाइल्ड’ची एरर अधूनमधून येते आणि पुन्हा करून बघावं तर येत नाही? मग जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं एखादं जुनं प्लगइन शोधा. रिअ‍ॅक्टने बनवलेला डॉम (पानावरच्या घटकांची रचना) ते परस्पर हलवतं, आणि रिअ‍ॅक्ट तो काढायला जातं तेव्हा तो जागेवर नसतो. अशा प्लगइनला स्वतःचा रिकामा डिव्ह (पानावरचा एक डबा) द्या, त्यात रिअ‍ॅक्टकडून काहीही रेंडर करू नका, आणि कंपोनंट जाताना प्लगइनचं डिस्ट्रॉय फंक्शन आठवणीने बोलवा. असं प्लगइन एकाच रॅपर फाइलमध्ये ठेवलंत, तर पुढे ते बदलताना तेवढीच फाइल उघडावी लागेल.